तिसऱ्या दिवशीचा गज

मानपत्रातली चौथी ओळ कोणी लिहिली, ते आधी कळलं पाहिजे. नमस्कार मागून करते.

चार दिवसांपूर्वी सलील सर हे मानपत्र घेऊन माझ्या घरी आले होते. म्हणाले, "आजी, छापायला जायच्या आधी नजर टाका, नावागावात चूक असली तर सांगा." मी चष्मा लावला, ओळीखाली बोट धरलं आणि शेवटपर्यंत वाचलं. नावात चूक नव्हती, गावात नव्हती. चौथ्या ओळीत होती. मी दाखवली. सरांनी पेनानं तिच्याभोवती गोल केला, चहा घेतला, गेले. आणि आत्ता, तुमच्यादेखत, याच माइकवरून सरांनी ती ओळ जशीच्या तशी वाचली आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. "वडिलांच्या निष्काळजीपणामुळे लागलेल्या आगीत ज्यांचे बालपण होरपळले, त्या कुमारी मैत्रेयी यांनी खचून न जाता..." पुढचं तुम्ही ऐकलं आहे. होरपळले हा शब्द मात्र झकास बसवला आहे. बाकी ओळ खोटी आहे.

टाळ्या वाजवणाऱ्यांवर माझा राग नाही. कार्यक्रमात बसलं की हात आपोआप वाजतात.

तर आता रीतीनं बोलते. या सत्कार आणि निरोप समारंभाचे अध्यक्ष, आपल्या शिक्षण संस्थेचे सर्वेसर्वा माननीय दीनानाथजी; व्यासपीठावर बसलेले प्राचार्य साहेब आणि इतर मोठी माणसं, ज्यांच्या नावांची चिठ्ठी मला दिली होती पण ती माझ्याकडून हरवली; समोर बसलेले शिक्षक, कॉलेजची मुलं-मुली; आमच्या जुन्या जिनातल्या माझ्या सोबतिणी. धुरपताबाई, पहिल्या रांगेत बसून डुलक्या घेऊ नको, पंखा तुझ्यासाठी लावलेला नाही. आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, ती माझी नात मैत्रेयी. सगळ्यांना तुळसाबाईचा जय भीम आणि नमस्कार.

सरांनी मला तीन मिनिटं दिली आहेत आणि सोबत एक कागद दिला आहे. कागदावर लिहिलं आहे, "मी अडाणी बाई, मला बोलता येत नाही, संस्थेचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही." तो कागद मी घरी पिठाच्या डब्याखाली ठेवून आले. अडाणी मी होते, पंचावन्न वर्षं होते. मग साक्षरता वर्गात पाटी घेऊन बसले. कशासाठी बसले ते पुढं येईल. हे भाषण मी चार दुपारी खपून माझ्या हातानं वहीत लिहिलं आहे आणि ते तीन मिनिटांत मावणार नाही. ज्यांना पुसदची साडेचारची बस गाठायची आहे त्यांनी खुशाल उठावं. मी वाईट वाटून घेणार नाही. फक्त कोण उठलं ते बघून ठेवीन.

आधी ही पोरगी चालली कुठं आणि कशाला, ते सांगते. कारण दिग्रसच्या बाजारात मला बाया अडवतात. "तुळसा, तुही नात परदेशात चिखल मोजाले चालली म्हनते?" विचारताना तोंडाला पदर लावून हसतात. हसा. चिखलच आहे.

उत्तरेला, पार वर, फिनलंड नावाचा देश आहे, तिथं ही चार वर्षं शिकायला चालली. सहा महिने बर्फ. तिथं जंगल आहे, पण आपल्या सागासारखं पानं गाळून उघडं पडणारं नाही. सुईसारख्या पानांचं, बारा महिने हिरवं. आणि त्या जंगलांच्या मधेमधे मैलोन्मैल दलदल आहे. दलदलीत शेवाळ उगवतं, मरतं, खालच्या गार पाण्यात बुडतं. वर थंडी, खाली पाणी, हवा शिरायला जागा नाही. म्हणून ते मेलेलं शेवाळ धड कुजतही नाही. नुसतं साचतं. वर्षाला एक थर, नखाच्या जाडीचा. माणूस उभा बुडेल एवढा थर साचायला दोन हजार वर्षं लागतात. त्याला पीट म्हणतात. वाळवलं तर गोवरीसारखं जळतं. पानांनी हवेतून ओढून घेतलेला कार्बन त्या मेलेल्या शेवाळात कोंडून राहतो. मैत्रेयी सांगते की जगातल्या सगळ्या जंगलांच्या सगळ्या लाकडात मिळून नसेल, त्याहून जास्त कार्बन जगभरच्या असल्या चिखलात निजलेला आहे. निजलेला आहे तोवर ठीक आहे.

मी तिला विचारलं, "मंग आता काय झालं त्याले?"

"जग तापून राह्यलं, आजी. अन् तिकडे आपल्यापेक्षा जास्त तापते."

"बरंच की. थंडीत मरत होती बिचारी झाडं. वाढतील."

"वाढतातच. उन्हाळा लांबला की जंगल जास्त श्वास आत घेते. पन मातीही जास्त सोडते. थंडी आली की झाडं थांबतात, माती थांबत नाही, ते बर्फाखालूनही सोडत राह्यते. अन् दलदलीचं पानी आटून खाली गेलं की वरून हवा आत शिरते. मंग हजारो वर्षांचं निजलेलं कुजाले लागते."

"अन् पानी आटलंच नाही तं?"

"पानी राह्यलं अन् नुसतं गरम झालं, तं दुसरा वायू निघते. तो जग आनखी तापवते."

"म्हणजे कसंही करा, मरन. मंग आत जास्त जाते का बाहेर जास्त येते?"

तेव्हा पोरगी हसली. म्हणाली, "तेच तं मोजाले चालली, बुढे."

आता तुम्ही म्हणाल, मोजतात कसं? दलदलीत पाय ठेवायचा नाही, फळ्यांच्या वाटेवरून चालायचं. चिखलाच्या काही तुकड्यांभोवती काचेसारख्या भिंती उभ्या करतात, वर छत नाही. आतलं शेवाळ बाहेरच्यापेक्षा एखाद-दोन अंश उबेत राहतं. शेजारचा तुकडा तसाच ठेवतात, तुलनेला. मग दोन्ही तुकड्यांवर आरपार दिसणारा डबा पालथा घालायचा, नळी लावायची, यंत्रात बघायचं. आधी उजेडात, मग डब्यावर काळं कापड टाकून. उजेडात शेवाळ श्वास घेतंही आणि सोडतंही. अंधारात नुसतं सोडतं. असं वर्षानुवर्षं करत राहायचं. मला हे सारं लगेच समजलं, कारण एमेस्सीला असताना हिनं सागाच्या जंगलात गोडेतेलाचे बारा रिकामे डबे असेच पालथे घातले होते, आत वाटीत कसलंसं औषध ठेवून. राखण करायला मी. दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे मी त्या डब्यांशेजारी बसून बकऱ्या हाकलल्या. शेवटी निकाल काय लागला? कोरडी माती कमी श्वास सोडते, ओली आणि ऊबदार माती सर्वांत जास्त. मी म्हटलं, "एवढ्यासाठी एमेस्सी कायले? मले विचारायचं होतं."

आणि खरंच मला विचारायचं होतं. कारण ओलं आणि ऊबदार म्हणजे काय, हे या सभागृहात माझ्याएवढं कोणाला ठाऊक नाही.

माझी पहिली दोन लेकरं महिन्याच्या आत गेली. तिसरा झाला तेव्हा आमच्या घरानं दीक्षा घेऊन दोन-तीन वर्षं झाली होती, जुन्या रीती सोडल्या होत्या. पण सासू म्हणाली, रीत गेली चुलीत, नातू जगला पाहिजे. पौषातली सकाळ होती. तिनं पोराला उचललं आणि उकिरड्यावर नेऊन निजवलं. आमच्याकडे ज्याची भावंडं जगत नाहीत त्याला असं उकिरड्यावर ठेवून उचलून आणतात, नाव उकंडा ठेवतात, म्हणजे मरणाला वाटतं हा टाकलेलाच आहे. मी धावत गेले. पोरगा गारठून मेला असेल असं वाटलं होतं. पण उकिरड्यातून वाफ निघत होती आणि पोरगा त्या उबेत मुठी मिटून निवांत झोपला होता. मेलेलं शेण, मेलेला पाला, आणि आतून काहीतरी जिवंत चाललेलं. तो माझा उकंडा. मैत्रेयीचा बाप. मानपत्रातला निष्काळजी माणूस.

हे सभागृह ज्या जागेवर उभं आहे तिथं आमचं जीन होतं, कापसातून सरकी काढायचा कारखाना. आताच्या पोरांना सांगावं लागतं. कापसाची वाईट वर्षं आली, जीन बंद पडलं, जागा संस्थेनं घेतली. या दोन-तीन वर्षांत तर आपल्या जिल्ह्यात गाड्या भरभरून माणसं येतात, कापसाचं काय झालं विचारतात, लिहून नेतात, पुन्हा तोंड दाखवत नाहीत. मला अजून एकानंही विचारलं नाही की बाई, तू जिनात काय काम करत होतीस. म्हणून आज न विचारता सांगते.

कापूस यायचा तो अंगणात रचायचा. त्या ढिगाला गंजी म्हणतात. घरावर घर ठेवावं एवढी उंच. सरकारी खरेदीचे दिवस होते, महिना महिना कापूस पडून राहायचा. कधी दंव पडलेला, कधी पाणी शिंपडलेला. ओला कापूस दाबून रचला की तो आतून तापतो. बाहेरून हात लावा, गार. पांढरा, मऊ, गार. आत कढ येत असतो. आधी नुसता पिवळा पडतो. वेळेवर उकलून पसरला तर वाचतो. नाही उकलला तर पेटतो.

ते ओळखायचं काम माझं होतं. दोन पुरुष लांबीचा लोखंडी गज गंजीच्या पोटात खुपसायचा. एक चहा होईस्तोवर तसाच ठेवायचा. मग उपसून त्याचं टोक गालाला लावायचं. हाताला कळत नाही, हात कामानं राठ झालेले असतात. गालाला कळतं. जिनात चाळीस बाया होत्या, पण गज गालाला लावायचा तो तुळसानं. तेव्हा मी नुसती तुळसा होते. बाई आज व्यासपीठावर लागलं.

जिनाचा सगळा कारभार दिवाणजींच्या हातात होता. मालक यवतमाळला. दिवाणजी म्हणजे आजचे आपले अध्यक्ष महोदय. दीनानाथजी, पाणी घ्या, ग्लास तुमच्या डाव्या हाताला आहे.

एकवीस वर्षं झाली. मार्गशीर्ष होता. तिसरी गंजी इथंच होती, जिथं आज तुमच्या खुर्च्या मांडल्या आहेत. पहिल्या दिवशी गज उपसला आणि गालाला लावला. कोमट होता. मी जाऊन दिवाणजींना सांगितलं, "तिसरी गंजी उकला, आत ऊब धरून राह्यली."

ते म्हणाले, "ऊन आहे, लोखंड तापणारच."

मी म्हटलं, "लोखंड आत होतं, ऊन भाईर हाये."

ते म्हणाले, "गंजी उकलायची तर खरेदी बंद ठेवावी लागेल. फाटकावर दोनशे गाड्या उभ्या आहेत. तू जाऊन सांगतेस त्यांना?"

दुसऱ्या दिवशी गज कालच्यापेक्षा गरम निघाला. मी पुन्हा गेले. या वेळी तिथं व्यापारी बसले होते, चहा चालला होता. दिवाणजी मोठ्यानं म्हणाले, "या तुळसाचा गाल बिघडला आहे. याला आता पुसदच्या दवाखान्यात न्यावं लागेल." सगळे हसले. चहा देणारासुद्धा हसला. मी गज घेऊन मागं फिरले. मी रागीट बाई आहे. तेव्हाही होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर रोजच्यासारखी झडती झाली. काडेपेटी, विडी, तंबाखूची चंची, काही आत न्यायचं नाही. दिवाणजी स्वतः खिसे तपासत. माझ्यापुढं उकंडा उभा होता. त्याच्या खिशातून लिमलेटच्या दोन गोळ्या निघाल्या. दिवाणजी म्हणाले, "काय रे उकंड्या, अजून गोळ्या चघळतोस?" तो म्हणाला, "पोरीसाठी आहेत, साहेब. जाताना दुकान बंद राह्यते." पोरगी पाच वर्षांची. तिची आई ती दोन वर्षांची असतानाच काविळीनं गेलेली, सगळे लाड बापाचे. दिवाणजींनी गोळ्या परत त्याच्या खिशात टाकल्या. मी मागं उभी होते. मी पाहिलं.

मग मी तिसऱ्या गंजीत गज खुपसला. चहा होईस्तोवर थांबले. उपसला आणि गालाला लावला.

भाजला.

हे बघा, इथं. सुरकुत्यांत आता दिसत नाही, पण डाग आहे.

तेवढ्यात दिवाणजी अंगणातून चालले होते. सोबत कालचेच व्यापारी. त्यांनी लांबूनच हाक मारली, "काय तुळसा, आज काय म्हणतो तुझा गाल?"

आणि मी म्हणाले, "थंड हाये."

काहून म्हणाले? एकवीस वर्षं मी मलाच विचारत आहे. माझा अपमान झाला होता. माझ्या मनात आलं, पिवळी पडू दे गंजी, मालक येईल, दिवाणजीची कानउघाडणी करील, तेव्हा मी पदर खोचून उभी राहीन आणि सांगीन, दोनदा सांगितलं होतं. पेटेल असं वाटलं नव्हतं. हे खरं आहे, पण यानं काही होत नाही. गाल भाजला होता माझा.

उकंड्याची टोळी त्या दिवशी रेच्यावर, सरकी काढायच्या यंत्रावर, असायची होती. दुपारी त्यांना तिसऱ्या गंजीवर पाठवलं, कापूस काढून आत न्यायला. शिडीवर पाय ठेवला आणि त्यानं मागं वळून मला विचारलं, "माय, गज पाह्यला का?"

दिवाणजी चार पावलांवर उभे होते. सकाळी त्यांच्यापुढं एक बोलले होते. दुपारी दुसरं बोलायची मला लाज वाटली. एवढंच. भीती नव्हती, पोटाचा प्रश्न नव्हता, काही नव्हतं. नुसती लाज.

मी म्हणाले, "पाह्यला. थंड हाये. चढ."

ते चौघं होते. वरचा थर त्यांनी ओढून खाली टाकला, तसा आत वारा शिरला. तिकडच्या दलदलीत हवा शिरली की काय होतं, ते मोठमोठ्या शास्त्रज्ञांना यंत्रावर बघावं लागतं. मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. आधी धूर नाही, ज्वाळा नाही. गंजी मधोमध खचली. आतून पोकळ झाली होती. तिघांनी उड्या मारल्या. उकंडा मधे होता.

पौषात उकिरड्याच्या उबेनं जगवला होता. मार्गशीर्षात गंजीच्या उबेनं नेला.

दोन दिवसांनी दिवाणजी कागद घेऊन घरी आले. माझ्या मांडीवर मैत्रेयी होती. म्हणाले, "तुळसा, अंगठा लाव. पोरीकडे आम्ही बघू." मी काय लिहिलं आहे विचारलं नाही. मला वाचता येत नव्हतं, पण विचारता येत होतं. विचारलं नाही, कारण मी विचारलं असतं तर त्यांनी मला विचारलं असतं, तुझा गज काय म्हणत होता. आम्ही दोघंही एकमेकांना काही विचारायचं नाही, असं न बोलता ठरलं. मी अंगठा लावला. नक्कल पेटीत ठेवली. आणि त्यांनी शब्द पाळला, हे सांगितलं पाहिजे. हिच्या शाळेत, कॉलेजात, वसतिगृहात दीनानाथजींचा शब्द कामाला आला. खोटं बोलणार नाही.

पण शाळेत पोट्टे हिला काय म्हणत? "विडीवाल्याची पोट्टी. हिच्या बापानं जीन जाळलं." ही घरी येऊन विचारायची, "आजी, बाबा विडी प्यायचे?" उकंड्याला विडीच्या वासानं ओकारी यायची. मग ती दुसरं विचारायची, आणि तेच ती गेली एकवीस वर्षं विचारते, वर्षातून एकदा, मार्गशीर्षात: "आजी, बाबा वर चढले तवा गंजी गरम होती का?"

आणि मी सांगायचे, "मले काय माहीत, बाई. मी त्या दिवशी तिकडे गेलीच नोती."

साक्षरता वर्ग निघाला तेव्हा मी पहिल्या दिवशी जाऊन बसले. लोकांना वाटलं, म्हातारीला पोथी वाचायची आहे. मला पेटीतला कागद वाचायचा होता. एक वर्ष लागलं. त्यात लिहिलं आहे की मजूर उकंडा गंजीवर बसून विडी ओढत असल्याने आग लागली, आणि खाली माझा अंगठा आहे. तीच ओळ नटूनथटून मानपत्रात आली. सलील सर, तुम्ही ती संस्थेच्या जुन्या कागदांतून घेतली असणार. तुमच्या वयाला ते कागद खरेच वाटणार. पण गोल केल्यावर तरी विचारायचं होतं.

मैत्रेयी, इकडे पाह्य. मान वर कर. मानपत्र खाली ठेव.

गंजी गरम होती. मी गज गालाला लावला होता. गाल भाजला होता. तुह्या बापानं मले विचारलं, अन् मी त्याले थंड सांगतलं. तो माह्या शब्दावर चढला. तू ज्या प्रश्नापायी जमिनीवर डबे पालथे घालत फिरली, सागात फिरली, अन् आता पार बर्फात चालली, त्याचं उत्तर तुह्याच घरात, तुह्याच शेजारी झोपत होतं. तुले आज सांगून राह्यली कारण चार वर्षांनी तू येशील तवा मी असीन का नाही, ते कोनी सांगावं. अन् घरी दोघींतच सांगतलं असतं तं तू मले माफ करून टाकलं असतं. ते मले नको होतं. चार लोकांत माफ करनं कठीन जाते. माफी मागून नाही राह्यली. तू रागव. रागावूनच जाय. तिकडे थंडी लय असते.

फक्त एक ध्यानात ठेव. तू तिकडे मोजशील. पहिल्या वर्षी सांगशील, आत ऊब धरून राह्यली. ते म्हनतील, ऊन हाये, तापनारच. दुसऱ्या वर्षी सांगशील, तं तुले हसतील, चहा पेत पेत हसतील. मोठी माणसं असतील, तुह्यापेक्षा शिकलेली. तिसऱ्या वर्षी तुले कोनी सहज विचारील, काय म्हनते तुमचा डबा. त्या दिवशी, पोरी, थंड म्हनू नको. तुले राग आला असंल तरी. कंटाळा आला असंल तरी. खाली कोनी ना कोनी शिडीवर पाय ठेवून उभं असते, अन् ते आपल्या तोंडाकडे पाहत असते.

बस.

आता आभार. हा कार्यक्रम घडवणाऱ्या संस्थेचे, प्राचार्यांचे, हार आणणाऱ्या मुलींचे, माइकवाल्याचे आणि चहा ठेवणाऱ्या बायांचे आभार. धुरपताबाई, तुझेही, तू मघापासून जागी आहेस हे मी पाहिलं. तू त्या दिवशी माझ्या शेजारी उभी होतीस, आणि आजवर कोणाला एक शब्द बोलली नाहीस. तेही मी पाहिलं आहे. बोलताना ऱ्हस्व-दीर्घ इकडेतिकडे झालं असेल, मोठ्यांचा मान राखायचा राहिला असेल, कोणाचा चांगला दिवस मी नासवला असेल, तर मी सदुसष्ट वर्षांची आहे आणि पाटी उशिरा धरली, असं समजून पोटात घाला.

माझं उत्तर मी दिलं. माझी पाळी संपली.

सलील सर, आभार प्रदर्शनाला उठू नका, अजून झालेलं नाही. हा माइक उचला आणि मधल्या खुर्चीसमोर ठेवा. टाळ्या कोणी वाजवू नका.

दिवाणजी, तिसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर उकंड्याचा खिसा तुम्ही तुमच्या हातानं तपासला होता. पोरगी समोर बसली आहे. त्यात काय होतं, ते तिला सांगा. धुरपताबाईनं नाही, सरांनी नाही, मी नाही. तुम्हीच सांगायचं.